बिनतिखटमिठाचा निरोप

कुमुदच्या हातातली भाजीची पिशवी अजून खाली टेकली नव्हती. कोथिंबिरीची जुडी पिशवीतून डोकावत होती, आणि टेलिफोनशेजारच्या मशिनचा लाल दिवा लुकलुकत होता.

"बघा कोण आहे ते," ती म्हणाली. "नाहीतर असेल नेहमीचंच. मुकं."

हे मशिन तिच्या भावानं, दिवाकरनं, मस्कतहून आणलेलं. घरी कोणी नसलं की चार घंटांनंतर ते स्वतः फोन घ्यायचं, माझ्या आवाजात दोन वाक्यं बोलायचं आणि समोरच्याचा निरोप टेपवर उतरवून ठेवायचं. पुण्यात आमच्या सोसायटीत तसलं दुसरं नव्हतं. ती दोन वाक्यं मी दर महिन्याला बदलत असे. त्या महिन्यात चालू होतं ते असं: "नमस्कार. आम्ही पाणघोड्याला अंघोळ घालायला मुठेवर गेलो आहोत. निरोप सांगा, पण हळू आवाजात, तो बुजतो." निम्मे लोक हे ऐकून गोंधळायचे आणि उरलेले रागावायचे. आणि कोणीतरी एक असं होतं, की माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, एक श्वास सोडायचं आणि फोन ठेवून द्यायचं. महिन्यातून एकदा तरी टेपवर तो श्वास सापडायचाच. कुमुद म्हणायची, चुकीचा नंबर. मी म्हणायचो, चोर. घर रिकामं आहे का बघतोय. मग त्या चोराचं वय, गाव आणि मिशा यांचंही मी वर्णन करायचो.

मशिन कमी होतं म्हणून की काय, त्याच सुमाराला टेलिफोनवाल्यांनी व्हॉइसमेल नावाची सेवा काढली. आपला फोन चालू असताना दुसरा कोणी फोन केला, तर त्याला एक्स्चेंजमधली ध्वनिमुद्रित बाई अदबीनं "निरोप ठेवा" म्हणायची आणि तो तिकडेच जपून ठेवायची. सुरुवातीला फुकट होती, म्हणून मी घेतली. "एका दाराला दोन राखणदार," असं कुमुद म्हणाली होती. मशिन आमच्या डोळ्यांसमोर लुकलुकायचं, म्हणून ते आमच्या लक्षात असायचं. बाई कुठेच दिसायची नाही. तिला आम्ही पार विसरून गेलो होतो.

मी बटण दाबलं.

"हॅलो… हॅलो. पाणघोडा? …बरं. मी पाटणहून भास्कर पानस्कर बोलतोय. ताईंना सांगा, वेणूमावशींची प्रकृती जरा बरी नाही. जमेल तसं निघून या. …ठेवू ना? ठेवतो."

पिशवी खाली पडली. एक बटाटा घरंगळत सोफ्याखाली गेला.

"गेली," कुमुद म्हणाली.

ती असं का म्हणाली हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या दोन्ही घराण्यांत आजवर फोनवर कोणी मेलेलं नाही. फोनवर माणसाची प्रकृती बरी नसते. माझे काका वारले, तेव्हा त्यांची प्रकृती बरी नव्हती. कुमुदचे बाबा गेले, तेव्हा त्यांची "जरा" बरी नव्हती. खरंच आजारी माणसाबद्दल लोक डॉक्टरचं नाव सांगतात, गोळ्या सांगतात, शौचाला झाली का तेही सांगतात. नुसतं "बरी नाही, निघून या" असं सपाट आवाजात आलं, की समजायचं. भास्कर मावशींचा शेजारी, भला माणूस. त्यानं रीत पाळली होती.

कुमुद खुर्चीत बसली आणि तिनं आधी नाशिकला दिवाकरला फोन लावला. बहीणभाऊ बराच वेळ बोलले. म्हणजे तो बोलला, आणि ही "हं, हं" करत राहिली. मग सोलापूरला अण्णामामांना. तिथे मामी रडायला लागल्या, त्यांना हिलाच समजवावं लागलं. मग तिनं पाटणचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

"माणसं जमली असतील," ती म्हणाली. "फोन चालूच असणार."

"मग निघायचं?"

"दादा म्हणाला थांब. तो निघालाय, संध्याकाळपर्यंत येईल. मिळूनच जाऊ. भास्करभाऊ थांबवतील तोवर." आणि मग माझ्याकडे न बघता, "आता घाई करून काय व्हायचंय?"

हे शेवटचं वाक्य दिवाकरचं होतं. तिच्या तोंडात ते कसंसंच वाटलं.

वेणूमावशी म्हणजे कुमुदची आईच. खरी आई लहानपणीच गेली, तेव्हा वडिलांनी हिला साताऱ्याहून पाटणला मावशीकडे ठेवलं. त्या मावशीशी कुमुद सात वर्षं एक शब्द बोलली नव्हती. कारण मी. लग्नाआधी मला बघायला म्हणून बोलावलं होतं. मी सांगलीचा. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की लहानपणी कृष्णा ओलांडून शाळेत जायला आम्ही मगरीच्या पाठीवर बसायचो. मावशी पोहे देता देता थांबली. "शपथ?" म्हणाली. मी म्हटलं, शपथ. तिनं सांगलीच्या एका ओळखीच्याकडे चौकशी केली. मगरी आहेत, पण प्रवासी घेत नाहीत, असं उत्तर आलं. "मगरीची खोटी शपथ घेणारा उद्या कशाचीही घेईल," असं म्हणून मावशी लग्नाला आली नाही. कुमुदही तिचीच भाची. "येऊच नकोस मग," म्हणाली, आणि दोघी गप्प झाल्या त्या झाल्याच.

भिंतीपलीकडून घाणेकर वहिनींनी सगळं ऐकलं होतंच. त्या पदर खोचून आल्या.

"चूल पेटवू नकोस हो कुमुद. मी पिठलंभात टाकते."

"नको वहिनी, भूक नाही."

"भुकेचा प्रश्न नसतो त्यात," म्हणत त्या गेल्या.

कुमुद स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडायला लागली. सगळी जुडी, एकेक पान. मी बाहेर येऊन तिसऱ्यांदा पाटण लावायला रिसीव्हर उचलला, आणि कानावर पडला तो नेहमीचा लांब सूर नव्हता. तुटत, अडखळत, उचकी लागल्यासारखा वाजत होता. लाइन बिघडली, असं म्हणून मी ठेवणारच होतो. मग आठवलं, ही सेवा घेताना सांगितलं होतं: सूर तुटला की समजा, बाईकडे निरोप आहे.

मी एक्स्चेंजचा आकडा फिरवला. गुप्त आकडा आमच्या लग्नाच्या तारखेचा होता, म्हणून तरी आठवला. "आपल्यासाठी एक नवीन निरोप आहे," बाई म्हणाली. मग खरखर झाली, आणि एक आवाज आला. सात वर्षांत मी तो ऐकला नव्हता, पण "शपथ?" विचारलेला आवाज माणूस विसरत नाही.

निरोप संपला. पलीकडे काहीतरी धाडकन आपटलं. मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून आत धावलो.

"कुमुद! मावशी आहे! बोलली ती! आत्ता, तू फोनवर असताना!"

तिनं मान वर केली, पण उठली नाही. मी तिला हाताला धरून ओढत बाहेर आणलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. मी आत असताना बाईनं विचारून घेतलं होतं, निरोप जपायचा असेल तर दोन दाबा. दाबायला कोणी नव्हतं.

"नवीन निरोप नाही म्हणतेय," कुमुद म्हणाली.

मी पुन्हा लावला. नाही. पुन्हा लावला. बाई तितक्याच अदबीनं नाही म्हणाली. मशिनची टेप कुठे पळाली नसती. पण मावशी मशिनवर आली नव्हती, या न दिसणाऱ्या बाईकडे गेली होती, आणि तो निरोप ऐकलेला कान जगात एकच होता. माझा.

"पुसला गेला," मी म्हटलं. "पण मी ऐकलाय. शपथ…"

तो शब्द तोंडातून निघाला आणि मी जीभ चावली.

कुमुदनं रिसीव्हर जागेवर ठेवला. अगदी सावकाश.

"बाबांच्या वेळी काय सांगितलं होतं तुम्ही मला?"

मी टेलिफोनची वायर सरळ करायला लागलो.

"शिरवळपासून साताऱ्यापर्यंत सांगत होतात. बाबा उठून बसलेत. चहा मागितलाय. चहात आलं कमी पडलं म्हणून नर्सला रागावलेत. आणि मी हसत उतरले गाडीतून. हसत! सगळी आळी बघत होती." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुम्ही माझ्या बऱ्यासाठीच करता, मला माहितेय. पण पुन्हा नको. मावशीला माझ्यासाठी एकदाच मरू दे."

"कुमुद, ती कराडला दवाखान्यात जात नाहीये. तू आल्याशिवाय नाही म्हणतेय. आपण दिवाकरची वाट बघत बसलो तर…"

"सांगा मग. काय म्हणाली? जसंच्या तसं."

आयुष्यात मी हजार गोष्टी सांगितल्या असतील. लग्नात, पंगतीत, एसटीत, एकदा तर वकिलाच्या ऑफिसात. त्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि ऐकलं होतं तेवढंच बोललो.

"'अहो बाई, कुमुदला निरोप द्या. वेणूमावशी बोलतेय. छातीत दुखतंय. डॉक्टर कराडला चल म्हणतात, मी नाही म्हटलं. ती आली की जाईन. घाईत उपाशी निघू नको म्हणावं. झालं.'"

"बाई?"

"त्या एक्स्चेंजच्या आवाजाला ती खरीच बाई समजली."

"पुढे?"

"पुढे नाही काही. 'झालं' म्हणाली."

कुमुद माझ्यासमोर उभी होती. कोथिंबिरीचं एक पान तिच्या अंगठ्याला चिकटलं होतं.

"माझं नाव घेताना रडली?"

काय सांगू तुम्हाला! माझ्या जिभेच्या टोकावर सात वाक्यं तयार होती. आवाज दाटला होता म्हणावं. 'माझी कुमी' म्हणाली असं सांगावं. मागं देवघरात घंटा वाजत होती म्हणावं. त्यातलं एक वाक्य जरी बोललो असतो, तरी ती रडली असती, मोकळी झाली असती. आणि मग हीही माझी थापच म्हणून जागची हलली नसती.

"नाही," मी म्हटलं.

"चुकलं म्हणाली? माफ केलं म्हणाली?"

"नाही."

"लग्नाबद्दल काही?"

"नाही, कुमुद. एवढंच बोलली."

तिनं अंगठ्याचं ते पान काढून टाकलं. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"गाडी काढा," ती म्हणाली.

घाणेकर वहिनी दारातच आडव्या आल्या, हातात डबा. "अगं, दिवाकर येतोय ना? असं एकटंदुकटं जातात का अशा वेळी?"

"दादाला सांगा पुढे गेले म्हणून. मागून येऊ दे."

"हा डबा तरी घे!"

कुमुदनं डबा घेतला आणि मांडीवर घेऊन बसली.

पाटणपर्यंतचा तो प्रवास मला विचारू नका. एरवी खंबाटकीच्या घाटात मी तिला प्रत्येक वळणाला एक दरोडेखोर दाखवत असे. त्या दिवशी घाटात ट्रक बंद पडून रांग लागली होती आणि आम्ही दोघं समोरच्या टेम्पोवरचं नक्षीकाम बघत बसलो. मधेच तिचा हात डब्याच्या कडीशी खेळायचा, कडी वाजायची आणि थांबायची. मला वाटायचं, निरोप खराच होता ना? का मीच रचला? माणसानं जन्मभर थापा मारल्या, की स्वतःचे कानही साक्षीला उभे राहत नाहीत. आणि खरा असला तरी त्याला आता किती वेळ झाला होता? छातीत दुखणारी म्हातारी, आणि पुढे टेम्पो.

सातारा गेलं. उंब्रजला वळलो.

"अजूनही सांगा," ती एकाएकी म्हणाली.

"काय?"

"खोटं असेल तर. रागावणार नाही मी. पण मी खाली उतरायच्या आत सांगा."

"खरं आहे," मी म्हटलं.

मावशीच्या घरासमोर गाडी थांबवली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. ओसरीवर माणसं बसली होती, कोणी बोलत नव्हतं. पायरीवर भास्कर होता. तो उठला, खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि टेपवरच्या त्याच सपाट आवाजात म्हणाला, "आलात? या ताई. प्रकृती जरा बरी नाही."

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजवर कोणत्याही गोष्टीत घातलेली नाही. तिला जोडच सापडत नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आलं रे भास्करा? गाडी वाजली. आणि ही माणसं अजून बसलीयेत का ओसरीवर? मी काय तमाशा लावलाय?"

कुमुद चपला न काढता आत गेली.

मावशी कॉटवर उशांना टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. शेजारच्या स्टुलावर फोन होता आणि त्याचा रिसीव्हर वायरला लोंबत खाली जमिनीला टेकला होता. दिवसभर एंगेज का होता, ते कळलं.

"भास्करभाऊ, नीट सांगायचं नाही का हो मशिनवर!" मी दारातूनच म्हणालो.

"नीटच सांगितलं की," भास्कर गोंधळून म्हणाला. "बरी नाही म्हटलं. नाहीच आहे बरी."

आत दोघी एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी मावशी म्हणाली, "उपाशी आलीस ना? सांगितलं होतं बाईला."

कुमुदनं खाली बसून डबा उघडला. दोन घास खाल्ले. मग मावशीनं हात पुढे केला, तिला चिमूटभर दिलं.

"मीठ कमी आहे. कोणी केलंय?"

"शेजारच्या घाणेकर वहिनींनी."

"रविवारचं पिठलंभात? नुसतं?" मावशीनं कुमुदकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डब्याकडे. आम्ही दोघं कुठेतरी तिसरीकडेच बघत होतो. तिला कळलं, आणि ती हसायला लागली, आणि छाती धरून हसत राहिली. "अगं कार्टे! माझंच मला खायला घातलंस की!"

मग कुमुद रडली.

भास्करच्या मदतीनं मावशीला उचलून आमच्याच गाडीत घातलं आणि कराडचा रस्ता धरला. मागच्या सीटवर कुमुदच्या मांडीवर तिचं डोकं. मी जपून चालवत होतो, प्रत्येक खड्ड्याला मागून "स्स" यायचं. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला मान वळवून बघायचं धाडस होईना.

"जावई," मावशी म्हणाली.

"काय, मावशी?"

"त्या पाणघोड्याची झाली का अंघोळ?"

मी ब्रेकच दाबला. मागून येणारा ट्रक शिव्या देत गेला.

"गेल्या महिन्यात उंट होता," ती डोळे मिटूनच बोलत होती. "गच्चीवर चढलेला. त्याच्या आधी तुम्ही विहिरीत अडकला होतात आणि विहिरीतून फोन घेत होतात. तो बरा होता. उंट मला नाही आवडला."

"मावशी!" कुमुद म्हणाली. "ते मुके फोन तुझे? मग बोलायचं नाही का गं?"

"बोलून हरायचं होय? ऐकायचे नि ठेवायचे. आज म्हटलं बोलावं, तर हा नव्हताच. कोणी बाई होती. सभ्य वाटली, म्हणून निरोप दिला." मग जरा दम घेऊन, "काय जावई, पुढे काय झालं त्याचं? आणि शपथ नको."

मी आरशात पाहिलं. कुमुद तिच्या केसांतून हात फिरवत होती. माझ्या बायकोनं मान हलवली: सांगा.

मग कराडपर्यंत मी त्या पाणघोड्याला अंघोळ घातली. साबण पुरेना म्हणून लकडी पुलावर लोकांनी वर्गणी काढली, पाठ घासायला तालमीतले पैलवान बोलावले, आणि नदी गढूळ केली म्हणून पोलिसांनी पाणघोड्यालाच चौकीत नेलं. "खोटारडा," मावशी मधूनमधून म्हणायची. "मग? जामीन कोण राहिलं?"

ती त्यानंतर आठवडाभर होती. दिवाकर आला, तोही बसला जवळ. सोलापूरला पहिल्याच रात्री 'मावशी आहे' असं कळवून टाकलं होतं. दिवसभर दोघी बोलायच्या. काय बोलायच्या, मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर असायचो आणि दुपारी मला आत बोलावून पुढचा भाग सांगायला लावायचे. पाणघोडा घाट चढून पाटणच्या वाटेला लागला होता, त्या दिवशी सकाळी ती गेली. कुमुदच्या हातात हात होता.

दवाखान्याच्या जिन्याखाली फोन होता. भास्करनं डोळे पुसले, रिसीव्हर उचलला आणि सोलापूरचा नंबर फिरवायला लागला.

"अण्णामामांना कळवतो," तो म्हणाला. "प्रकृती बरी नाही, निघून या म्हणून."

कुमुदनं पुढे होऊन त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"हे सांगतील," म्हणाली.

पलीकडे घंटा वाजत होती. अण्णामामांनी फोन उचलला, आणि मी सांगितलं. दोन शब्दांत. झालं.